ओला हात

नागूबद्दल लिहायला घेतलं तेव्हा माझी बायको कमल म्हणाली, "लिहा. पण स्वतःला वगळून लिहू नका." टोमणा झोंबला, कारण माझा बेत नेमका तोच होता. तेव्हा आधीच सांगून टाकतो. नागू हा करमळवाड्याचा कुणबी, उन्हावर नकाशे छापणारा. ते नकाशे काढणारा मी, पुंडलिक, मूळचा खानापूरकडचा, हुद्द्यानं ट्रेसर. या गोष्टीत नागूचं नाव खराब झालं आणि मी नोकरीत कायम झालो. आमच्या खात्याचं नाव मात्र इथं घालत नाही, तेवढी भीती अजून आहे.

आमचा तळ होता नंदिगड्ड्याच्या अलीकडं, ओढ्याच्या काठी. साल बावन्न. चार तंबू, कुडाच्या दोन खोल्या आणि शंकरराव नावाचे मुख्य सर्व्हेअर, एवढा पसारा. काम होतं जंगलाची नवी हद्द ठरवायचं. मोजणीची माणसं साखळी घेऊन रानात जायची, वह्या भरून आणायची, आणि त्या वह्यांवरून मी नकाशा काढायचा. नकाशात जिथं नांदती वाडी असेल तिथं हद्द मागाहून तिला वळसा घालून आखली जाणार, घरं आणि शेतं मोकळी राहणार. जिथं वस्ती नसेल तिथं सगळं सरकारी रान, माणसाला मज्जाव. हे सगळ्या वाड्यांना ठाऊक होतं, त्यामुळं आमची साखळी दिसली की बायका चूल सोडून बाहेर यायच्या आणि आपलं घर बोटानं दाखवायच्या.

नागू आला तो ओझी वाहायला. छपाईला धारवाडकडचा एक माणूस होता. त्याला जळवांनी असं सतावलं की पावसाळा सरता सरता तो कुणाला न सांगता पळाला. नकाशे अडले. शंकरराव माझ्यावर ओरडत होते, मी तोंड चुकवत होतो. तेव्हा नागू दारात उभा राहून म्हणाला, "सायेब, मी करू का? त्यो कसं करायचा ते मी बघितलंया." शंकरराव हसले आणि म्हणाले, कर. दुपारपर्यंत दोरीवर तीन प्रती वाळत होत्या, आणि पळालेल्या माणसाच्या प्रतींपेक्षा त्यांचा निळा चांगला गडद होता.

ही छपाई आजच्या पोरांना सांगून खरी वाटायची नाही. दोन औषधं असायची, एक हिरवट पापुद्र्यांचं आणि एक लाल खड्यांचं. काळे पडदे लावलेल्या खोलीत दोन्ही पाण्यात मिसळून रुंद कुंचल्यानं कागदावर फिरवायची. कागद पिवळसर हिरवा व्हायचा. तो वाळला की त्यावर माझा नकाशा ठेवायचा. माझा नकाशा असायचा खळ दिलेल्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कापडावर, काळ्या शाईनं काढलेला. वर काच, खाली फळी, चौकट आवळून उन्हात नेऊन ठेवायची. शाईच्या रेघेखाली ऊन पोचत नाही. बाकी सगळीकडं ते कापडातून खाली उतरतं आणि औषध बदलून टाकतं. मग कागद ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धुवायचा. न बदललेलं औषध वाहून जातं आणि तिथं पांढरी रेघ उरते, भोवतीचा कागद निळा होतो.

खरं कसब होतं ते ऊन किती द्यायचं यात. शंकररावांच्या छापील तक्त्यात लिहिलं होतं, दहा मिनिटं. तक्ता लिहिणारा कधी आमच्या रानात आला नसावा. इथं मार्गशीर्षात दहा वाजेपर्यंत धुकं, चैत्रात वणव्याचा धूर, आणि तीन वाजले की डोंगराची सावली तळावर. नागूनं तक्ता बाजूला ठेवला. तो कागदाच्या कडेकडं बघत उकिडवा बसायचा. कड आधी निळसर व्हायची, मग राखी, मग जुन्या तांब्यासारखी. तांब्याचा रंग आला की चौकट उचलायची. दर महिन्याला एका पट्टीवर तो थोडं थोडं ऊन देऊन बघायचा आणि ती पट्टी केतकीच्या वाकाच्या दोरीत ओवून खोलीत टांगायचा. त्याला अक्षर येत नव्हतं. त्या पट्ट्यांच्या माळेत त्यानं पाच वर्षांचं ऊन लिहून ठेवलं होतं, आणि ते त्याला वाचता यायचं.

एकदा दिवसभर आभाळ भरलेलं होतं. त्यानं चौकट तासभर उघड्यावर ठेवली, तरी प्रत चांगली निघाली. मग त्यानं तसलाच कागद कंदिलापुढं तासभर धरला. कागद पिवळा तो पिवळाच. नागू चक्रावला. कंदिलाचा उजेड तर डोळ्यांना चांगला लागत होता. शंकरराव तेव्हा बॅटरीच्या रेडिओवर धारवाडची गाणी ऐकत होते आणि खुशीत होते. त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं, की उजेड म्हणजे लाटा. रेडिओत धारवाडहून येतात त्याही त्याच जातीच्या लाटा, फक्त लांब लांब. उन्हात डोळ्यांना दिसणाऱ्या लाटा असतात आणि त्यांच्याहून आखूड, न दिसणाऱ्याही असतात. या कागदाला त्या आखूड लाटाच लागतात. त्या ढगातून खाली येतात, कंदिलात नसतात.

नागूनं तो पिवळा कागद उलटसुलट करून बघितला. "म्हंजे आपल्याला दिसत न्हाई ते ह्या कागदाला दिसतंया," तो म्हणाला.

"बरोबर."

"मग कागूद कवाच खोटं सांगायचा न्हाई."

शंकरराव हसून पुन्हा गाण्याकडं वळले. मला ते वाक्य तेव्हा गमतीचं वाटलं होतं.

आमचं बरं जमायचं. त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, सदऱ्यावर निळे डाग. एका सोमवारी तो डाग नसलेला सदरा घालून आला. मी विचारलं तर हसत सुटला. त्याची बायको रुक्मा केळीच्या खांबाची राख पाण्यात भिजवून खार काढायची, धुण्याला तोच आणि भाजीतही तोच. त्या खारात सदरा भिजवला आणि निळं सगळं उडून गेलं. "खार निळं खातो, अण्णा," तो म्हणाला. मलाही ते नवीन होतं.

माझा त्याला एकच दंडक होता. माझ्या कापडाला ओल्या हातानं शिवायचं नाही. पाण्याचा थेंब पडला तरी त्या कापडाची खळ विरघळते, शाई उचटते आणि महिन्याचं काम मातीत जातं. नागूचे हात तर दिवसभर ओढ्यात. म्हणून तो कमरेला एक जाड पंचा त्यासाठीच बांधायचा. कापड उचलायच्या आधी दोन्ही हात पुढून मागून पुसायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. पाच वर्षांत त्याच्या हातचा एक थेंब माझ्या कापडावर पडला नाही. हे मी शपथेवर लिहितो.

छप्पनच्या नोव्हेंबरात आमचा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. वरचे साहेब बदलले, फायली बदलल्या, आणि आम्हा तात्पुरत्या माणसांची नोकरी अधांतरी झाली. कोण कायम होणार याची यादी शंकरराव करणार होते. त्या दिवसांत मी त्यांच्या पुढं पुढं किती केलं ते आठवलं की आजही माझी मलाच किळस येते. त्यांच्या चहात साखर किती हेसुद्धा मी आचाऱ्याला सांगायला जायचो.

आता करमळवाड्याविषयी. कुंभारवाड्यापासून दोन तासांच्या पायवाटेवर, ओढ्याच्या फाट्याला लागून, अकरा घरांची वाडी. तिथल्या कुणब्यांची एक रीत होती. फाल्गुनात कुमरी जाळायच्या आधी, म्हणजे नाचणी पेरायला तोडून वाळवलेलं रान पेटवायच्या आधी, घरावरचं जुनं गवत सगळं उतरवून ठेवायचं. एखादी ठिणगी उडून आली तर घर जळू नये म्हणून. दारं काढून भिंतीला टेकवायची, भांडीकुंडी आणि कोंबड्या घेऊन शेतावरच्या मांडवात राहायला जायचं, आणि पावसाच्या तोंडावर नवं गवत घालून परत यायचं. त्यांच्या पणज्यांपासून हे चालत आलं होतं.

सत्तावनच्या मार्चात आमची मोजणीची माणसं तिथं पोचली. त्यांना दिसल्या अकरा घरांच्या मातीच्या भिंती, वर आभाळ, आत थंड चुली. बोटानं घर दाखवायला कुणी बाई नव्हती. त्यांनी वहीत लिहिलं, 'पडकी घरं अकरा, वस्ती नाही', आणि पुढं गेली. वस्ती नाही म्हणून वाडीचं नावही लिहिलं नाही. दोन हाका मारल्या असत्या तर मांडवातली माणसं धावत आली असती.

नकाशात नांदतं घर म्हणजे सलग रेघेचा बारीक चौकोन, पडकं घर म्हणजे तुटक रेघेचा. मी वहीत होतं तसं काढलं. शंकररावांनी खाली सही केली. तोवर माझा काही दोष नव्हता, असं मी कमललाही सांगत आलो आहे.

पहिली प्रत धुऊन नागू ती तशीच निथळती घेऊन माझ्या टेबलापाशी आला. अक्षर येत नसलं तरी नकाशा त्याला चांगला समजायचा. ओढे, फाटे, देवराई, सगळं तो ओळखायचा. त्यानं एका फाट्यावर बोट धरलं.

"अण्णा, ही आमची वाडी न्हवं?"

मी वाकून बघितलं. फाटा तोच, देवराई तीच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही पडकी घरं म्हणजे करमळवाडा. गेल्याच रविवारी नागू तिथं जाऊन मला भाजीला फणसाची कोवळी कुयरी घेऊन आला होता.

"व्हय, तीच," मी म्हणालो.

"मग घरांच्या रेघा तुटल्यात कशानं? बाकीच्या वाड्यांच्या तर धड हाईत."

खरं उत्तर एका ओळीचं होतं. पण ते दिलं असतं तर तो शंकररावांकडं गेला असता, आणि त्याच्या आधी मला जावं लागलं असतं. सही केलेला नकाशा चुकला, तुमच्या माणसांनी साधी हाक मारली नाही, असं त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं असतं. कायम करायची यादी सोमवारी वर जायची होती आणि तो शुक्रवार होता. मी मान खाली घातली, तेव्हा माझी नजर त्याच्या हातांवर गेली. त्यांच्यावरून पाणी ठिबकत होतं.

"ओला हात लावलास कापडाला," मी म्हणालो. "शाई उचटली."

नागूनं हातांकडं बघितलं. "पुसलं हुतं, अण्णा."

"मग उचटली कशी?"

त्यानं हात पुसले, कापड उचललं आणि दारात उजेडाकडं धरून बघितलं. तिथंही रेघा तुटक होत्या, असणारच. त्याला त्या उचटलेल्या दिसल्या. मी सांगितलं म्हणून दिसल्या.

"परत काढा की तेवढी," तो म्हणाला.

"सही झालीय. आता कुणालाच हात लावता येत नाही," मी म्हणालो आणि उगीच दुसरी वही उघडून बसलो.

बारा प्रती छापायच्या होत्या, त्या त्यानं छापल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीमागं गेलो तर तो मांडीवर फळी घेऊन बसला होता. जवळ करवंटीत रुक्माकडचा खार, हातात साळिंदराचा काटा. काटा खारात बुडवून तो तुटलेल्या रेघांच्या मधल्या फटी जोडत होता. खार लागला की निळं उडायचं आणि पांढरं दिसायचं. अकरा घरं, बारा प्रती. एकशे बत्तीस घरं त्यानं दोन दिवसांत धड केली. मी ते बघितलं, खोकलो नाही, पाय न वाजवता मागं फिरलो. मला सुटल्यासारखं वाटलं. चला, परस्पर मिटलं, असं मी मनात म्हणालो. तो नकाशा आता खरा झाला होता, हेही माझ्या मनानं मला लगेच पटवून दिलं.

त्यातली एक प्रत तालुक्याच्या ठिकाणी कचेरीच्या सूचनांच्या फळीवर लावली. ज्याची हरकत असेल त्यानं दोन महिन्यांत नोंदवायची, त्यानंतर ऐकून घेणार नाही, असा नियम. प्रत लावायला मीच गेलो होतो. नागूही बरोबर होता, कारण करमळवाड्याहून झिलू बुधवंत आणि दोघे म्हातारे नकाशा बघायला येणार होते. बुधवंत म्हणजे वाडीचा प्रमुख, त्याचा शब्द शेवटचा. झिलू तेव्हाच सत्तरीचा, सरळ पाठीचा, तोंडात सुपारी. नागूनं त्याला फळीजवळ नेऊन फाटा दाखवला, देवराई दाखवली, मग घरं. म्हाताऱ्यानं एक एक चौकोन मोजला. अकरा भरले.

मग तो माझ्याकडं वळला. "म्हंजे आता भ्या न्हाई न्हवं, अण्णा? हरकत घालाया नगं?"

"काही भीती नाही," मी म्हणालो.

पहिलं खोटं तोंडातून निसटलं होतं, असं एखाद्या वेळी म्हणता येईल. हे दुसरं मी त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघून बोललो. ते तिघं समाधानानं परत गेले. दोन महिन्यांत करमळवाड्याची हरकत आली नाही.

पावसाळ्यात शेवटच्या प्रती काढायची वेळ आली. उन्हाचा भरवसा नव्हता, म्हणून माझं कापड धारवाडला पाठवलं. तिथं विजेच्या दिव्यावर छापणारं यंत्र आलं होतं. त्या प्रती आल्या आणि शंकररावांनी सहज म्हणून जुनी प्रत शेजारी ठेवली. एकीवर अकरा धड घरं, दुसरीवर अकरा पडकी. त्यांनी नागूला बोलावलं.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, सायेब," नागू लगेच म्हणाला. "माज्याच ओल्या हातानं रेघ उचटली हुती, म्हणून मीच भरली. चूक माजी हाय. वाडीची न्हाई."

शंकररावांनी कापड खिडकीशी नेऊन बघितलं. शाई जिथल्या तिथं होती, रेघा मुद्दाम तुटक काढलेल्या. "काय बरळतोय हा?" त्यांनी मला विचारलं.

खोलीत आम्ही तिघंच होतो. नागू माझ्याकडं बघत होता, त्याच्या बाजूनं मी बोलावं म्हणून. माझं नाव यादीत गेलं होतं, हुकूम अजून यायचा होता.

"काय की," मी म्हणालो.

नागूला त्याच दिवशी काढलं. शंकररावांचं म्हणणं सरळ होतं. वाडी नांदती असती तर हरकत आली असती. हरकत एकही नाही, उलट सरकारी नकाशात खाडाखोड, म्हणजे पडक्या जागेत मागून घुसायचा डाव. तसा अहवाल वर गेला. अक्षर चांगलं म्हणून तो लिहायला मलाच दिला होता. नागूची पट्ट्यांची माळ खोलीतच राहिली. नव्या आचाऱ्यानं ती चूल पेटवायला वापरली.

दिवाळीनंतर करमळवाड्याला उठायचा हुकूम गेला. तेव्हा घरांवर नवं गवत होतं, चुलींतून धूर निघत होता, अंगणात भात वाळत होतं. हुकूम घेऊन गेलेल्या शिपायानं हे सगळं डोळ्यांनी बघितलं आणि परत येऊन आम्हाला सांगितलं. पण कागदावर घरं पडकी होती. त्या फाल्गुनात त्या लोकांनी गवत उतरवलं ते परत चढवलं नाही. कुणी कुंभारवाड्याकडं गेलं, कुणी रामनगरच्या बाजूला. मी कायम झालो आणि अठ्ठावन्नमध्ये बदली घेऊन बेळगावला आलो.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्या वाटेला गेलो नाही. सदुसष्टच्या माघात कमलचा उळवीच्या जत्रेचा नवस होता. टाळायचे तेवढे प्रयत्न केले, पण जावं लागलं. परत येताना बस कुंभारवाड्यापाशी बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, तासभर तरी लागेल. कमल इतर बायकांबरोबर झाडाखाली बसली आणि मी पाय मोकळे करायला रस्त्यानं पुढं गेलो. वस्तीपासून बाजूला एक झोपडी होती. दाराशी एक माणूस घागर घेऊन उभा होता. केस पिकलेले, दात पडलेले. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं.

"रुक्मा, भाईर ये! अण्णा आल्यात!"

आनंदानं त्याचा आवाज फाटला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. ऊन कडक होतं, मी घागरीकडं हात केला. त्यानं घागर मागं घेतली आणि रुक्माकडं दिली.

"हिच्या हातचं घ्या. माज्या हातचं कोण पाणी घेत न्हाई."

मी विचारलं, का. तेव्हा कळलं. वाडी उठायची ठरली तेव्हा त्यानं झिलू बुधवंताच्या अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की तुमची घरं माझ्या ओल्या हातानं पुसली गेली. फळीवरची रेघ मी जोडलेली होती, म्हणून तुमची हरकतही राहिली. त्यानं काहीच लपवलं नाही. बुधवंतानं निवाडा दिला, की ज्या हाताच्या पाण्यानं अकरा घरं गेली त्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही. लग्नात नाही, शिमग्यात नाही, मयतात नाही.

"आई गेली तवा तिच्या तोंडात पाणी चुलतभावानं घातलं," नागू म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. बुधवंताचं त्याला पटलेलं होतं.

मग तो आत गेला आणि बांबूची नळी घेऊन आला. नळीत त्या बारा प्रतींतली एक होती, तळावरून निघताना त्यानं बरोबर आणलेली, उजेडानं निळं उडू नये म्हणून अंधारात ठेवलेली. त्यानं हात पुसले आणि ती माझ्यासमोर उलगडली. ओढे होते, फाटा होता, देवराई होती. घरांच्या जागी मात्र मळकट पिवळा डाग पडला होता, रुपयाएवढा. खार पुरता धुतला गेला नव्हता. तो आत आत खात गेला होता.

"धुवायला कमी पडलो," नागू म्हणाला. "घाई झाली."

माझ्याच्यानं आणखी ऐकवेना. "नागू," मी म्हणालो, "तुझा हात ओला नव्हता."

त्याला समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. वहीत पडकी घरं लिहिलं होतं, तुटक चौकोन मीच काढले होते, शाई कधी उचटलीच नव्हती, आणि हे मला त्या शुक्रवारीच ठाऊक होतं. मी भरभर बोललो, ओकल्यासारखं. त्यानं मला शिव्या द्याव्यात, निदान थुंकावं, असं मला वाटत होतं. रुक्मा घागर खाली ठेवून भिंतीला टेकली.

नागूनं हात समोर धरले. तळवे बघितले, मग उलटे करून बघितले.

"म्हंजे पुसलं हुतं मी," तो म्हणाला.

"पुसलं होतंस."

"दर बारीला पुसत हुतो."

"होय."

तो एकदम उठला. "चला अण्णा. झिलू बुधवंत हाय अजून. थकलाय, पर ऐकू येतंया. वढ्यापल्याड दीड कोस. तुमी त्यास्नी फकस्त एवढंच सांगा. वाडी गेली ती गेली. एवढंच सांगा."

तेवढ्यात मागं बसचा भोंगा वाजला. मोटार दुरुस्त झाली होती. दुसरी बस उद्या दुपारी. मी मनात कारणं गोळा केली. कमल एकटी आहे, रजा संपली आहे, दीड कोस चढ आहे, आणि गुडघा. एकही कारण असं नव्हतं की एक दिवस थांबलं नसतं. खरं कारण मला माहीत होतं. त्या सरळ पाठीच्या म्हाताऱ्यानं मला विचारलं असतं, तू फळीपाशी काय म्हणाला होतास?

"पुढच्या जत्रेला येतो," मी म्हणालो. "नक्की."

झिलू बुधवंत ऐंशीचा होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो त्याच श्रावणात वारला. रामनगरच्या एका व्यापाऱ्याकडून मला ते बेळगावात कळलं, तेव्हा मी जेवत होतो. कमलला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं.

पुढच्या जत्रेचं मी बोललो तेव्हा नागू माझ्या मागोमाग बसपर्यंत आला. मी चढलो, कमलशेजारी खिडकीशी बसलो, तेव्हा लक्षात आलं की आमची पिशवी झाडाखालीच राहिली. नागूला ती दिसली. त्यानं आधी कमरेच्या पंच्याला दोन्ही हात पुसले, पुढून, मागून, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग पिशवी उचलून त्यानं मला खिडकीतून आत दिली.